वेळ संपल्यावरही न उघडलेले कुलूप

काही प्रकरणांचे कागद आपण ठाण्यात ठेवून घरी येतो, काही मात्र सोबत घरी येतात. हे प्रकरण माझ्यासोबत आले आणि निवृत्तीनंतरही गेलेले नाही. आजही त्याची आठवण निघाली की मला दुःख होत नाही, राग येतो. राग कुणाचा, ते वाचताना कळेलच.

तेव्हा मी शहराच्या दक्षिण टोकाला असलेल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. दुष्काळाची वर्षे होती. संभाजीनगर मात्र थांबायला तयार नव्हते. बिडकीनच्या बाजूला कारखान्यांची आखणी चालू होती, त्या भरवशावर पैठण रस्त्याच्या आतल्या माळावर सात-सात मजली इमारती उभ्या राहत होत्या. इमारतीला लिफ्ट होती, बगिच्याचे चित्र होते, नळ मात्र नव्हता. सगळा कारभार टँकरवर. आमच्या ठाण्यात उन्हाळ्यात येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्या पाण्यावरूनच्या मारामारीच्या असत. टँकर आधी कुणाकडे लागला, मोटार कुणी चालू ठेवली, एवढ्यावरून सुशिक्षित माणसे एकमेकांची गचांडी धरत.

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी ठाण्याच्या फोनवर एक निनावी फोन आला. ठाणे अंमलदार म्हणून एक अनुभवी महिला हवालदार बसल्या होत्या. त्यांनी मला आत येऊन सांगितले, "सर, एका बिल्डिंगचं नाव सांगितलं, वरच्या मजल्यावरचा फ्लॅट सांगितला. म्हणाला, तिथं एक माणूस बांधलेलाय, लवकर जा, कुलूप उघडंना झालंय. नाव विचारलं तर फोन ठेवला. सर, माणूस रडत होता."

खोटे फोन रोज येतात. पण खोटा फोन करणारा रडत नाही. मी एक उपनिरीक्षक, एक हवालदार आणि एक नवीन शिपाई घेऊन निघालो.

इमारतीची वीज सकाळपासून गेलेली होती. जिने चढून आम्ही वर गेलो. त्या मजल्यावरचे बाकीचे फ्लॅट अजून विकले गेले नव्हते. दार आतून बंद होते. हाक मारली, उत्तर नाही. दाराला कान लावला तेव्हा आतून घासल्यासारखा एक आवाज आला, खोकल्यासारखा. दोन पंच बोलावून आम्ही दार तोडले.

आतल्या खोलीत लोखंडी पलंगावर चाळिशीच्या आतला एक माणूस पडला होता. अंगात बनियन आणि अर्धी चड्डी. दोन्ही हात आणि दोन्ही पाय पट्ट्यांत अडकवलेले, पट्ट्यांना साखळी, आणि साखळी जिथे एकत्र येत होती तिथे मनगटाएवढे जाड काळे कुलूप. त्याला किल्लीचे भोक नव्हते, एक छोटा काचेचा चौकोन होता. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. खिडक्या बंद, पंखा बंद. खोलीत भट्टी पेटवल्यासारखे वाटत होते.

हवालदाराने आधी त्याच्या ओठांना ओला रुमाल लावला, मग थोडे थोडे पाणी पाजले. घटाघट पाजू नये हे त्याला माहीत होते. अग्निशमनच्या जवानांनी कटर लावला, पण कुलपाच्या कडीवर ओरखडासुद्धा उठेना. शेवटी त्यांनी कुलूप सोडून साखळी कापली. तेवढ्यात माझ्यामागे कुणीतरी फिसकन हसले. वळून पाहिले तर आमचा नवीन शिपाई मोबाइल समोर धरून उभा होता.

मी त्याच्या हातातून मोबाइल घेतला. "फोटो कुणाच्या हुकमाने काढलास?"

"सर, सहजच. ग्रुपवर…"

"पंचनाम्याचे फोटो फोटोग्राफर काढील. हा आत्ता माझ्यासमोर पुसून टाक, आणि खाली जाऊन गाडीत बस."

एक माणूस तहानेने मरायला टेकला होता आणि खाकी घातलेला दुसरा माणूस त्यात गंमत शोधत होता. त्या शिपायाला मी दुसऱ्या दिवशी लेखी खुलासा मागितला. त्याने "यापुढे असे होणार नाही" एवढेच लिहिले. का होणार नाही, हे त्याला कळले होते की नाही, देव जाणे.

त्या माणसाला सरकारी दवाखान्यात हलवले आणि आम्ही घर पाहिले. कपाट जागच्या जागी, लॅपटॉप टेबलावर, पाकीट खुंटीला टांगलेल्या पँटमध्ये. जबरदस्तीने कुणी घुसल्याची खूण नाही. कपाटाच्या एका खणात आणखी तीन-चार कुलपे होती, वेगवेगळ्या जातीची, प्रत्येकावर चिकटपट्टी लावून क्रमांक टाकलेला. उपनिरीक्षक हुशार पोरगा होता. त्याने सगळे पाहिले आणि मला बाजूला घेतले.

"सर, हे ह्याचं ह्यानंच केलंय. असले लोक असतात, नेटवर असतं सगळं. बांधून घ्यायचं, टायमर लावायचा. कुलूप बिघडलं असणार. डायरीला नोंद घेऊ आणि मिटवू."

अर्धी गोष्ट त्याने बरोबर ओळखली होती. पण माझ्या डोक्यात ते फोनवरचे वाक्य अडकले होते. दार आतून बंद, पडदे लावलेले, शेजारी कुणी नाही. मग आत माणूस बांधलेला आहे हे त्या फोन करणाऱ्याला कसे कळले? तेही एक वेळ कळले असेल असे धरू. पण "कुलूप उघडंना झालंय" असे कोण म्हणेल? ज्याने ते उघडायचा प्रयत्न केला असेल, तोच म्हणेल. त्या खोलीत तर कुणी आलेले नव्हते.

"नोंद नाही," मी म्हणालो. "गुन्हा आहे. कुणाचा ते अजून माहीत नाही."

संध्याकाळी डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली. हा माणूस एका कारखान्यात ऑटोमेशनचा अभियंता होता. यंत्रे आपोआप कधी चालू व्हावीत, कधी थांबावीत, याची व्यवस्था बसवणे हे त्याचे काम. शिकलेल्या नोकरदार घरातला, लग्न न केलेला, मोठी बहीण परभणीला दिलेली. सलाइन चालू होते. मी खोलीतून सगळ्यांना बाहेर काढले.

"काय झालं?"

"चोर आले होते," तो भिंतीकडे पाहत म्हणाला.

"दार आतून बंद होतं."

त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागले. शरीरात पाणी उरले नव्हते, तरी आले. माझ्या नोकरीत मी खुनी रडताना पाहिलेत, चोर रडताना पाहिलेत. ज्याने कुणाचेही काही बिघडवलेले नाही असा माणूस पोलिसासमोर एवढ्या शरमेने रडताना क्वचितच पाहिला.

मी खुर्ची जवळ ओढली. "हे बघा, तुम्ही तुमच्या घरात, दार लावून, स्वतःच्या अंगाला काय करता हे मी विचारणार नाही. तो माझ्या कामाचा भाग नाही. मला एकच सांगा. ते कुलूप का उघडलं नाही?"

त्याने माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिले. बहुधा हा प्रश्न त्याने अपेक्षिला नव्हता. आणि मग तो बोलायला लागला. सुरुवातीला अडखळत, मग अगदी कारखान्यातल्या मीटिंगमध्ये बोलावे तसा.

ही सवय त्याला कित्येक वर्षांपासून होती आणि तो एकटाच असल्यामुळे सुटकेची व्यवस्था त्याला स्वतःलाच करावी लागे. त्यामुळे कुलूप हा त्याच्यासाठी सगळ्यात गंभीर विषय होता. त्याने कुलपे आणून आणून तपासली होती. साधे टायमरचे कुलूप त्याचा स्वतःचा सेल घेऊन चालते. एकदा वेळ लावली की ते कुणाचेच ऐकत नाही. पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याचे घड्याळ मागे पडते, आणि सेल उतरला तर चांगल्या बनावटीचे उघडते, हलक्या बनावटीचे तसेच बंद राहते. दुसरी जात मोबाइलने उघडणारी. मोबाइल जवळ असला पाहिजे, मोबाइल मेला की आपण अडकलो. तिसरी जात घरच्या वायफायला जोडलेली. ती कुठूनही उघडता येते, वेळ लावता येते आणि कमी-जास्तही करता येते. या तिन्हींची तुलना तो एका ऑनलाइन गटात टोपणनावाने लिहीत असे. कुठले कुलूप ताण पडल्यावर अडकते, कुठले वीज जाऊन आल्यावर सगळे विसरते, सगळे. परदेशातली माणसे त्याचा सल्ला विचारत.

"मी शेवटी वायफायवालं घेतलं," तो म्हणाला. "घरात एक कंट्रोलर आहे, दिवे-गीझर चालवणारा. त्यातच प्रोग्राम बसवला. ठरलेली वेळ झाली की कंट्रोलर कुलपाला उघडायचा हुकूम देतो. तो फसला तर हाताशी एक टायमरची डबी असते, ती उघडते. तिच्यात पट्ट्या कापायची कात्री."

"मग दोन्ही कशी फसली?"

त्याने डोळे मिटले. "दोन्ही एकाच खात्यावर होती. सोयीचं म्हणून. कारखान्यात माझ्या हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला सगळ्यांसमोर झापलं असतं."

"खात्यात कुणी शिरलं?"

"हो. शनिवारी दुपारी दीड तासाची वेळ लावली होती. ती संपत आली आणि अचानक वाढली. माझ्या डोळ्यांसमोर. मोबाइलवरून उघडायला गेलो तर खात्यातून मलाच बाहेर काढलेलं. मग मेसेज आला."

मेसेज काय होता ते सांगायच्या आधी पाण्याचे सांगितले पाहिजे.

त्या सोसायटीच्या पाणी समितीवर हा अभियंता होता. इमारतीच्या टाकीत टँकर रिकामे होत, बिल पूर्ण टँकरचे लागे, आणि तरी पाणी दुपारपर्यंत संपे. बाकीचे लोक एकमेकांवर संशय घेत, कुणी गाडी धुतो, कुणी झाडांना घालतो. याने टाकीच्या तोंडाशी पाणी मोजणारे मीटर बसवले. टँकर अर्धेमुर्धे भरूनच येत होते हे सगळ्यांना दिसले. त्याने तोंडी सांगून पाहिले, मग महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयात तक्रार दिली. टँकरवाला सोसायटीच्या सचिवाचा साडू होता.

मोबाइलवरचा मेसेज असा होता: मीटर खराब होते, मी माफी मागतो आणि तक्रार मागे घेतो, असे सोसायटीच्या ग्रुपवर लिही. लिहिलेस की कुलूप उघडेल.

"मोबाइल तुमच्या हाताशी होता?"

"बोट पोचत होतं."

"मग तुम्ही शंभर नंबरला का नाही फोन केला?"

"तुम्ही आला असता," तो म्हणाला. "सोबत चार जण आले असते. त्यांनी पाहिलं असतं."

मला त्या शिपायाचे हसणे आठवले.

शनिवारची दुपार गेली, रात्र गेली. वेळ पुन्हा पुन्हा वाढत होती. त्याने ग्रुपवर ती ओळ लिहिली नाही. मी विचारले, का? तो म्हणाला, "मीटर बरोबर होतं, सर." बस, एवढेच. रविवारी सकाळी वीज गेली आणि पंखा थांबला. तेव्हा त्याने बहिणीला फोन लावायचे ठरवले. मोबाइल बोटांतून निसटला आणि पलंगाखाली गेला.

तो मोबाइल आम्ही पंचनाम्यात जप्त केलेलाच होता.

दरम्यान निनावी फोनचा नंबर शोधला होता. तो जवळच्याच वस्तीतल्या एका विधवा बाईच्या नावावर निघाला. तिचा मुलगा पंचविशीचा, इमारतींत वायफाय आणि कॅमेरे बसवायचा धंदा करणारा. त्या इमारतीचे सगळे काम त्याच्याकडे होते आणि काम देणारा होता सचिव. सोमवारी सकाळी आम्ही त्याला आणायला गेलो तेव्हा तो दारातच बसलेला होता, जणू वाटच पाहत होता. त्याची आई आमच्या गाडीच्या मागोमाग ठाण्यापर्यंत आली.

"साहेब, फोन तर ह्यानंच केला ना तुमाला?" ती मला म्हणाली. "फोन करणाराला धरता व्हय तुमी?"

"मावशी, बसा. फोन केला म्हणून धरलेलं नाही."

तिला बाकावर बसवून पाणी द्यायला सांगितले आणि आत गेलो. चौकशीत आवाज चढवायची गरज पडली नाही. मी त्याच्यासमोर ते कुलूप ठेवले. कापलेल्या साखळीचा तुकडा अजून त्याला लटकत होता. त्याने एकदाच त्या साखळीकडे पाहिले.

"सर, जिवंत हायेत का ते?"

"आहेत. आता बोल."

त्याने बोलायला सुरुवात केली ती थांबलाच नाही. कंट्रोलर बसवताना पासवर्ड यानेच टाकला होता आणि अभियंत्याने तो बदलला नव्हता. दुसऱ्याच्या यंत्रांची एवढी काळजी घेणारा माणूस, स्वतःच्या घरात एवढे राहून गेले. एकदा दुरुस्तीच्या निमित्ताने या पोराने खाते उघडले तर दिवे-पंख्यांच्या यादीत कुलूप दिसले. कुतूहल म्हणून पाहत राहिला, आणि सुटीच्या दिवशी ते बंद होते, तास-दीड तासाने उघडते हे त्याच्या लक्षात आले. मग ऑनलाइन शोधून काय प्रकार आहे ते समजले. एक दिवस चहा पिताना त्याने सचिवाला हसत हसत सांगितले.

"मला वाटलं, तेबी हसतील अन् सोडून देतील," तो म्हणाला. "पन ते हसले नायत सर. म्हनले, आता सापडला. पुढच्या टायमाला लॉक झाला की मला सांग."

"आणि तू सांगितलंस."

"सांगितलं. माजं काम त्यांच्याच हातात हाय ना सर. म्हनले, दोन घंट्याची बात हाय, घाबरून लिहून टाकील. पन त्यो लिहीनाच. मी म्हनलं, सोडू आता. तर म्हनले, वाढव. रातभर मला झोप नाय. सकाळी मीच म्हनलं, मरू दे ते काम, उघडतो. ओपन दाबलं, ओपन दाबलं, लई दाबलं. पन तिकडं लाइट गेल्ती, राउटर बंद. कुलपापर्यंत काय जाईच ना."

"स्वतः का गेला नाहीस? दार वाजवलं असतंस."

"कॅमेऱ्यात दिसलो असतो सर." तो रडायला लागला. "मीच बसवलेत कॅमेरे."

आणि सचिव कुठे होता? खुलताबादला. नात्यातला साखरपुडा होता, तिथे मांडवात पाहुण्यांची उठबस करीत होता. त्याला या पोराने दोनदा फोन केला, त्याने उचलला नाही. नंतर सचिवाने एक आवाजी मेसेज पाठवला. पोराने घाबरून तो जसाच्या तसा अभियंत्याला पाठवला, म्हणजे तो तरी ऐकून घाबरेल आणि लिहील. मोबाइल चार्ज करून, पंचांसमक्ष तो मेसेज आम्ही ऐकला. मागे सनई वाजत होती, कुणीतरी "जिलबी इकडं" म्हणत होते आणि सचिवाचा स्वच्छ आवाज: "लिहीत नाय तवर टाइम वाढवत ऱ्हा. एक दिवस पानी नाय पेलं तर मरत नाय कुनी. लई पान्याचा हिशेब करतो ना, कळू दे त्याला."

मी तो मेसेज ऐकला आणि उठून खिडकीशी गेलो. तीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाला काही ऐकून हात आवळावेसे वाटू नयेत. मला वाटले.

सचिव स्वतःहून ठाण्यात आला, पांढऱ्या कपड्यात, सोबत सोसायटीचे दोन सभासद घेऊन. त्याला वाटत होते की आम्ही अभियंत्याविरुद्ध काहीतरी करणार. खेड्यात जमीन, शहरात फ्लॅट, चार लोकांत ऊठबस असलेला माणूस. खुर्चीवर ऐसपैस बसला.

"साहेब, आमी घरंदाज मानसं. बिल्डिंगमधी लेकीबाळी हायेत. असला घान मानूस तिथं ऱ्हातो हे आमाला आता कळलं. त्याला खाली करायला लावा."

"त्याच्या खोलीचं दार बंद होतं," मी म्हणालो. "पडदे लावलेले होते. तुमच्या लेकीबाळींना काही दिसलं नाही. दिसलं ते तुम्हाला. कारण तुम्ही त्याच्या घरात डोकावलात."

"म्हंजे? तुमी असल्याची बाजू घेता?"

मी उपनिरीक्षकाला खूण केली. त्याने मेसेज लावला. सनई वाजली. सोबत आलेले दोन सभासद आधी सचिवाकडे बघत राहिले, मग एकमेकांकडे, मग उठून बाहेर गेले. सचिव खुर्चीत सावरून बसला.

"मजाक केली हो साहेब," तो म्हणाला. "गंमत."

त्याला अटक केली तेव्हा सूर्य अजून डोक्यावर होता. मला आठवते, कारण त्याने कोठडीत जाताना पहिली मागणी केली ती थंड पाण्याची. आम्ही लगेच दिले. पोलीस कोठडीत माणसाला पाणी नाकारता येत नाही, तो कायदा आहे.

त्यानंतरचे दिवस मात्र माझ्या रागाचे खरे दिवस. गुन्ह्याची कलमे ठरवताना सरकारी वकिलांनी विचारले, "जो माणूस स्वतःच कुलूप लावून बसला, त्याला डांबून ठेवलं असं कसं म्हणणार?" मी म्हणालो, त्याने दीड तासासाठी लावले. दीड तास संपला तेव्हा ते उघडायला हवे होते. ज्या मिनिटाला त्या दोघांनी ते उघडू दिले नाही, त्या मिनिटापासून तो त्यांच्या ताब्यात होता. वकिलांनी थोडा विचार केला आणि मान हलवली. अन्यायाने बंदिस्त ठेवणे, धमकी, माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे लागली. डॉक्टरांचा अहवाल आल्यावर सदोष मनुष्यवधाच्या प्रयत्नाचे कलम मी हट्टाने घातले.

वरून फोन आले. "असल्या प्रकरणात कशाला एवढं ताणता? दोन्ही पक्ष बसवा, मिटवा." असल्या म्हणजे कसल्या, असे मी विचारले की फोन ठेवला जाई. एका वर्तमानपत्राने बातमी छापली त्यात टँकर नव्हता, मीटर नव्हते, सचिव नव्हता. होता फक्त अभियंता आणि त्याची "विकृती". ज्याला डांबून तहानेने मरायला टेकवले तो छापून आला, आणि ज्याने मांडवात जिलबी खात ते केले, त्याचा उल्लेख "एक पदाधिकारी" एवढाच. आजही ते आठवले की हातातला चहा बाजूला ठेवतो.

अभियंत्याची बहीण परभणीहून आली होती. तिला काय सांगायचे हे मी आधी त्यालाच विचारले. तो म्हणाला, खरे सांगा, माझ्याने होणार नाही. मी जेवढे आवश्यक तेवढे सांगितले. पन्नाशीची शिक्षिका बाई, ताठ बसून ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "साहेब, त्याला काय आवडतं ते मला नाही समजलं. समजेल असंही वाटत नाही. पण माझा भाऊ तहानेने मरत होता आणि माणसांना ते माहीत होतं, हे मला नीट समजलं. त्यांना सोडू नका."

मग ती वॉर्डात गेली, भावाच्या उशाशी बसली आणि चमच्याने त्याला ताक पाजत राहिली.

खटला बरीच वर्षे चालला. वायफायवाला माफीचा साक्षीदार झाला. न्यायाधीशांनी अभियंत्याची साक्ष बंद दाराआड घेतली, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. तपास अधिकारी म्हणून माझी साक्ष झाली, पण त्याच्या साक्षीच्या वेळी मला बाहेर थांबावे लागले. आत काय झाले ते नंतर सरकारी वकिलांनी सांगितले. बचावाच्या वकिलाने ओठांत हसू दाबत विचारले, "कुलूप तुम्ही स्वतःच लावलं होतं ना?"

"हो," तो म्हणाला. "आणि उघडायची वेळही मीच ठरवली होती."

सचिवाला शिक्षा झाली, त्याने अपील केले, त्याचे पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही. अभियंता त्याच फ्लॅटमध्ये राहिला. सोडून जा असे त्याला अनेकांनी सुचवले. काही शेजारी आजतागायत त्याच्याशी बोलत नाहीत. मात्र टाकीवरचे मीटर त्याच शेजाऱ्यांनी ठेवले, आणि टँकर भरून यायला लागले.

या प्रकरणाने मला काय शिकवले? एखाद्याचे गुपित हाती लागले की काही माणसांना तो माणूस माणूस वाटेनासा होतो, आणि त्याला काहीही केले तरी चालते असे वाटू लागते. हे सचिवापुरते असते तर मी रागावलो नसतो, गुन्हेगार असतातच. पण तेच मी आमच्या शिपायात पाहिले, फोन करणाऱ्या वरिष्ठांत पाहिले, वर्तमानपत्रात पाहिले. त्या माणसाला पोलिसांना बोलवायची भीती वाटली आणि त्याची भीती खोटी नव्हती. आमच्या खात्यासाठी यापेक्षा मोठी शरमेची गोष्ट मला माहीत नाही.

निवृत्तीनंतर एकदा मला नव्या उपनिरीक्षकांच्या प्रशिक्षण वर्गात बोलावले होते. मी हेच प्रकरण सांगितले. सगळे लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी एक तरुण उठला आणि जरा संकोचून म्हणाला, "सर, तपास कळला. पण तो माणूस स्वतःला बांधून का घ्यायचा?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी त्याला कधी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका."